खुर्च्या मांडताना कोण गात होतं?

बस. मोबाईल पालथा ठेव. चहा नंतर.

तुझी वही वाचली. दोनदा वाचली. ‘मी ऐकलेल्या मैफली’ असं झोकदार नाव दिलं आहेस. दिवाळी अंकाला पाठवायची म्हणतोस. चौदा कार्यक्रम, चौदा प्रकरणं. गायकाचा झब्बा कोणत्या रंगाचा होता, तिकीट केवढ्याला पडलं, गाडी किती लांब लावावी लागली, मध्यंतरात कोण भेटलं, सगळं आलं आहे. भैरवीला डोळ्यांत पाणी आलं, तेही आलं आहे. चौदापैकी नऊ वेळा आलं आहे. एवढं पाणी निळोण्याच्या धरणात सोडलं असतंस तर उन्हाळ्यात गावाला टँकर लागला नसता.

मग मी लाल पेन घेतला. प्रत्येक प्रकरणाच्या माथ्यावर एकच प्रश्न लिहिला. चौदा पानांवर चौदा वेळा. वाच. मोठ्यानं वाच.

‘यांच्या आधी कोण गायलं?’

दे उत्तर. चौदापैकी एकाचं दे. पुस्तक उघडून दे, फोन लावून दे, बायकोला विचारून दे. जमेल?

सहावं पान घे. आपलं पोस्टल ग्राउंड. थंडीचे दिवस. गझलेचा कार्यक्रम. मुख्य गायक सव्वानऊला बसले, असं तूच लिहिलंस. कार्यक्रम सातचा होता. मधल्या सव्वादोन तासांत मंचावर काय चाललं होतं? कबुतरं उडत होती?

काय म्हणालास? ‘कोणीतरी लोकल होतं, सर.’

लोकल! किती सहज निघाला रे शब्द तोंडातून. तू कुठला? दारव्हा रोडला तुझं घर. आर्णी नाक्यावर तुझ्या बापाचं दुकान. चार वर्षं पुण्यात काय राहिलास, यवतमाळचा माणूस तुला लोकल झाला. पुण्यात तुला काय म्हणतात ते विचारलंस कधी? तिथे तू ‘विदर्भाकडचा कोणीतरी’ आहेस. त्या ‘कोणीतरी’चा तुला राग येतो. मागच्या दिवाळीत तूच माझ्याजवळ येऊन रडलास. आणि इथे येऊन तोच ‘कोणीतरी’ तू दुसऱ्याच्या कपाळावर चिकटवतोस. कळतं तुला सगळं. म्हणून तर संताप येतो. न कळणाऱ्यावर मी शब्द वाया घालवत नाही.

आता तुझी कारणं. मला पाठ आहेत, पण तुझ्या तोंडून ऐकू.

‘सर, आपल्याकडे सात म्हणजे साडेआठ.’ कोणी ठरवलं हे? सातला जो गायला बसतो, त्याचे सात सातच असतात. तो साडेचारपासून तिथे आलेला असतो. साडेआठ तुझे असतात. तुझ्यासारख्या पाचशे जणांचे साडेआठ झाले, की संयोजक म्हणतो, पब्लिक उशिरा येतं. मग तू म्हणतोस, कार्यक्रम उशिरा सुरू होतात. साप आपली शेपटी गिळत बसला आहे आणि तू म्हणतोस, सर, सापाचं तोंड दिसत नाही.

‘बायको तयार होत होती.’ तिच्यावर ढकलू नकोस. तिला मी विचारलं. ती साडेसहाला दारात उभी होती. तू मॅच बघत होतास.

‘आधीचे लोक म्हणजे वेळ काढायला असतात, सर.’ हे खरं कारण. बाकीची दोन त्याची पिल्लं.

बरं, गावात नाही ऐकलंस. बाहेर तरी ऐकलंस? बारावं पान. जानेवारी 2025. नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम, कोल्डप्ले. त्या तिकिटासाठी लॅपटॉप, तुझा फोन आणि बायकोचा फोन अशी तीन यंत्रं लावून बसला होतास. तपश्चर्याच ती. तिथे आधी जसलीन रॉयल गायली, एलियाना गायली. तू काय लिहिलंस? ‘ओपनिंगला वेळ होता, म्हणून आधी खाऊन घेतलं.’ हे तुझं वाक्य. तुझ्या अक्षरात. आणि पुढच्याच ओळीत? ‘जसलीनचा आवाज काही लागला नाही.’ अरे शहाण्या, तू तर रांगेत उभा राहून खात होतास! तुला कसं कळलं? दुसऱ्या दिवशी फोनवर क्लिपा फिरल्या, लोकांनी टिंगल केली, आणि तू ती टिंगल आपलं मत म्हणून वहीत उतरवलीस. त्या मैदानात तू हजर होतास. पैसे भरून हजर होतास. आणि तिचं गाणं तू ऐकलंस ते घरी पलंगावर लोळत, अर्ध्या मिनिटाच्या तुकड्यात, परक्या माणसाच्या फोनमधून. याला आठवण म्हणतात? ही चोरी आहे. तीही शिळ्या मालाची.

दहावं पान. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव. भीमसेन जोशींनी आपल्या गुरूंच्या नावानं 1953 साली तो सुरू केला, हे तू बरोबर लिहिलंस. मीच सांगितलं होतं. मुकुंदनगरच्या त्या मांडवात दिवसाची पहिली बैठक बहुतेक वेळा तरुण गळ्याची असते. दुपारची वेळ, अर्धा मांडव रिकामा. त्या वेळी तू कुठे होतास? ‘स्टॉलवर होतो, सर.’ ठाऊक आहे. थालीपिठाचं वर्णन चार ओळी आहे. खमंग आहे. पण ज्या पोरानं पुढ्यातल्या रिकाम्या खुर्च्यांकडे बघत मुलतानी मांडली, त्याला अर्धी ओळही नाही. आणि तुला मुलतानी येते. म्हणून विचारतोय. ज्याला राग कळत नाही तो थालीपीठ खाईल. तुला काय धाड भरली होती?

जरा मागे बघ. पहिल्याला क्षुल्लक मानायची ही खोड आपल्या मातीतली नाही. तमाशात आधी गण, मग गवळण, मग बतावणी आणि मग वग. वगासाठी आलेला माणूस गणाला पाठ करून बसत नसे. कीर्तनात आधी पूर्वरंग. तो नीट लागला नाही तर उत्तररंगातली कथा पांगळी. संगीत नाटकात नांदी. पडद्यामागचे सगळे नट ती म्हणायला जमत. कोणी म्हणालं का, नांदी म्हणजे वेळकाढूपणा, राजा दुष्यंत आला की हाक मारा? आणि शेतकऱ्याचा नातू आहेस तू. धूळपेरणी ठाऊक आहे ना? पाऊस यायचा असतो. आभाळ कोरडं असतं. तरी माणूस भरवशावर मातीत बी टाकून येतो. पाऊस नंतर येतो, त्याचं कौतुक होतं, वर्तमानपत्रात फोटो येतो. पण आधी कोणी पेरलंच नसेल, तर तो पाऊस काय उगवणार? गवत?

परदेशातलं सांगितल्याशिवाय तुझ्या गळी उतरत नाही, तर तेही ऐक. 1967 चा जुलै. अमेरिकेत मंकीज नावाचा बँड, टीव्हीमुळे डोक्यावर घेतलेला. त्यांच्या आधी वाजवायला कोण होता? जिमी हेंड्रिक्स. ज्याचा टी-शर्ट तू कॉलेजात तीन वर्षं धुतला नव्हतास, तोच. समोरची पोरं त्याच्या गिटारवर ओरडून मंकीजच्या डेव्हीला हाका मारत होती. थोड्याच दिवसांत त्यानं तो दौरा सोडला. त्या मैदानातली पोरं आता म्हातारी झाली असतील. नातवंडांना सांगत असतील, आम्ही हेंड्रिक्सला समोर पाहिलं. पाहिलं खरं. ऐकलं कुठे? तुला तेव्हा तिथे नेऊन बसवलं असतं, तर तूही डेव्ही-डेव्हीच केलं असतंस. टी-शर्ट मात्र आज घातलास.

आणि हे तर घरचंच. 1 ऑगस्ट 1971, न्यूयॉर्क, मॅडिसन स्क्वेअर गार्डन. बांगलादेशच्या निर्वासितांसाठी कार्यक्रम. जॉर्ज हॅरिसन, बॉब डिलन, एरिक क्लॅप्टन, सगळी बडी धेंडं. सुरुवात कोणी केली? रविशंकरांची सतार, अली अकबर खाँचा सरोद, अल्लारखाँचा तबला आणि तानपुऱ्यावर कमला चक्रवर्ती. लोक आले होते गिटारवाल्यांसाठी. यांनी वाद्यं जुळवायला घेतली. जुळवून झाली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, हेच वादन! रविशंकर चिडले का? उठून गेले का? त्यांनी हसत आभार मानले. जुळवणीच एवढी आवडली तर वादन आणखी आवडेल, अशा अर्थाचं बोलले आणि वाजवायला लागले. जगात नाव झालेला पन्नाशीचा माणूस. दुसऱ्याच्या गर्दीसमोर आधी बसला. त्याची पत गेली नाही. तुझी जाते.

दूरचं नको? गावातलं घे. 11 जानेवारी 2019. आपल्याच यवतमाळात 92वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन. उद्घाटनाला नयनतारा सहगल येणार होत्या. त्यांचं निमंत्रण रद्द झालं, महाराष्ट्रभर वाद पेटला. अनेकांनी पाठ फिरवली. मग उद्घाटन कोणी केलं? कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे यांनी. शेतकऱ्याची विधवा. संमेलन उघडलं ते त्यांनी. मोठं नाव नाही, पुस्तक नाही, पुरस्कार नाही. मी मांडवात होतो. पुढे तीन दिवसांत किती परिसंवाद झाले, त्यातला एक तरी कोणाला आठवतो का विचारून बघ. त्या बाईंचं बोलणं लोकांना आजही आठवतं. त्या दिवशीही काही जण जेवणाच्या कुपनांच्या रांगेत होते. तू त्यांच्याच जातकुळीचा.

मान वर कर. अजून संपलं नाही.

पहिली वीस मिनिटं म्हणजे काय, हे तुला मी सांगायचं? नऊ वर्षं माझ्याकडे पेटी शिकलास. बारा कार्यक्रमांना माझ्या मागे तानपुरा धरून बसलास. तुझ्या डोळ्यांदेखत घडतं सगळं. मांडव रिकामा असला की आवाज घुमतो. माणसं बसली की ती आवाज पिऊन घेतात, गाणं स्वच्छ होतं. हा घुमारा कोण सोसतो? पहिला. कोणता माईक खरखरतो, कोणती वायर तुटली आहे, मॉनिटर शिट्टी मारतो की नाही, हे साउंडवाल्याला कोणाच्या गळ्यावर कळतं? पहिल्याच्या. रात्रीचं दव पडतं, तबल्याची पुडी ओल धरते, स्वर उतरतो. हातोडी घेऊन तो चढवण्यात कोणाची तीन मिनिटं जातात? पहिल्याची. बंदिश जमायला लागते, आणि तेवढ्यात निवेदक एक चिठ्ठी सरकवतो. काय असतं त्या चिठ्ठीत? ‘आवरतं घ्या. पाहुणे आले.’ मग हारतुरे. मग दीपप्रज्वलन. मग पाहुण्यांचं भाषण. त्याला मात्र कोणी चिठ्ठी देत नाही.

आणि नंतर बडा गायक येतो. माईक साफ, मांडव भरलेला, तबला चढलेला, लोकांचे कान तापलेले. पहिला सा लागतो आणि तू वहीत लिहितोस, ‘काय सा लागला!’ लागणारच. पेटवलेल्या चुलीवर भाकरी फुगायला काय लागतं? चूल फुंकून डोळे कोणाचे लाल झाले, ते लिही की.

एकदा 14 एप्रिलच्या रात्री तुला घेऊन गेलो होतो, आठवतं? वामनदादा कर्डकांची गाणी होती. रात्री बारानंतर बाहेरगावची नावाजलेली गायन पार्टी बसणार होती. त्याआधी वस्तीतल्या पोरींनी गायलं. एकीचा आवाज फाटत होता, पण शब्दाला धार होती. तू तेव्हा माझा हात दाबून म्हणाला होतास, ‘सर, हिला शिकवा ना.’ सोळा वर्षांचा होतास. कान होता तुला. कुठे विकलास तो?

आता पहिलं पान काढ. हो, पहिलं. जिथे तू लिहिलंस की बाराव्या वर्षी अमुक महाराजांचं कीर्तन ऐकलं आणि तुझ्यातला कलावंत जागा झाला. नाव मोठं आहे. वजन पडतं. पण मी त्या रात्री होतो रे तिथे. तुला मीच नेलं होतं एसटीनं. लाडखेडजवळचं गाव, तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीचा कार्यक्रम. पोस्टरवर त्या कीर्तनकारांचा फोटो, आणि ते रात्री साडेदहाला उभे राहिले. तू तेव्हा काय करत होतास? माझ्या शालीत तोंड खुपसून घोरत होतास. पूर्वरंग नाही, उत्तररंग नाही, आरतीलाही उठला नाहीस. तुझ्यातला कलावंत झोपेत जागा झाला का?

तुला जागं केलं ते दुसऱ्यानं. आठव. आठ वाजले होते. सतरंज्या अजून पसरत होते. एक सालदार आला. दिवसभर दुसऱ्याच्या वावरात राबून आलेला, पायाला चिखल तसाच. हातात एक खंजिरी, कडेला तार बांधून सांधलेली. दवानं चामडं सैल झालं होतं, म्हणून त्यानं आधी शेकोटीवर धरली, बोटानं टिचकी मारून ऐकली, परत धरली. तू उठून शेकोटीजवळ जाऊन बसलास. त्यानं तुझ्याकडे पाहिलं नाही. मग त्यानं तीन भजनं म्हटली. लोक मागे बोलत होते, कोणी ट्रॅक्टर वळवत होतं, लाइट दोनदा गेली. त्याचं बोट थांबलं नाही. अंधारातही थांबलं नाही. तू ढिम्म हलला नाहीस. तोंड उघडं होतं तुझं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू माझ्या दारात उभा होतास. हातात बिस्किटाच्या डब्याचं झाकण. चारही बोटं सोललेली. म्हणालास, ‘सर, त्याच्यासारखं वाजत नाही.’ त्या सकाळी मी तुला शिष्य म्हणून घेतलं. त्या झाकणासाठी घेतलं, पोस्टरवरच्या फोटोसाठी नाही. आणि तू आज तो माणूस पुसून टाकलास. त्याच्या जागी ज्यांचं एक अक्षर ऐकलं नाहीस, त्यांचं नाव लिहिलंस. का? ते नाव छापायला बरं दिसतं म्हणून? अरे, इतरांना फसवलंस तर मी समजू शकतो. लेखक मंडळी तेवढं करतात. पण चार-पाच वेळा लिहून-लिहून आता तुला स्वतःलाही तेच खरं वाटायला लागलं आहे. ही खरी पडझड.

त्याचं नाव काय? नाही ना ठाऊक? मलाही नाही. मीही विचारलं नव्हतं. मास्तर होतो, महाराजांच्या शेजारच्या गादीवर जागा मिळाली म्हणून खूश होतो. तेव्हा माझेही कान उपटायला कोणी असायला हवं होतं. नव्हतं. तुला मी आहे. फरक एवढाच.

आणि आता दुसरं प्रकरण. तुला वाटलं, वहीपुरतंच बोलावलं आहे?

चौकातल्या दुर्गादेवी मंडळाची पोरं काल तुझ्याकडे आली होती. यवतमाळचा दुर्गोत्सव. त्यासाठी लोक लांबून येतात, रात्र रात्र मंडप बघत फिरतात. अष्टमीला बाहेरून बोलावलेला गायक साडेआठला. त्याआधी सात ते सात वीस तू गा, म्हणाली. तू काय म्हणालास? सगळं आलं माझ्या कानावर. यवतमाळ आहे हे.

‘रियाज सुटलाय.’ कधीपासून? ‘चालू आहे, पण पाहिजे तसा नाही.’ म्हणजे वर्धा-नांदेड रेल्वेसारखा. काम प्रगतिपथावर. निदान ती गाडी 2024 साली कळंबपर्यंत तरी आली. तू कुठवर आलास?

‘साथीला कोणी नाही.’ तबल्याला आपलाच पोरगा आहे. बँकेतून सुटून तडक येईन म्हणाला. पेटी तू वाजवतोस. दोन हात कमी पडतात का तुला? ते हात तिकिटासाठी तीन यंत्रं चालवतात.

‘माईक चांगला नसतो.’ नाचता येईना, अंगण वाकडं. त्या सालदाराकडे माईकच नव्हता.

‘लोक नसतील, सर.’ हं. आता आलास वाटेवर. हे तुला इतकं खात्रीनं कसं माहीत? लोक नसतील, कारण लोक तुझ्यासारखे आहेत. चौदापैकी तेरा वेळा तू ती खुर्ची रिकामी ठेवलीस. आता तिच्यासमोर बसायची पाळी आली तर पाय लटपटतात. तुला रिकाम्या मांडवाची भीती वाटत नाही. त्या रिकाम्या खुर्चीत तुला तूच दिसतोस. गाडी लावणारा, खाऊन घेणारा, ‘कोणीतरी लोकल होतं’ म्हणणारा तू. त्याच्यासमोर गायचं धैर्य तुला होत नाही. आणि शेवटचं कारण तू त्या पोरांना बोललास, मला बोलला नाहीस: ‘मुख्य कार्यक्रम दिला असता तर विचार केला असता.’ व्वा राजे. पायरी नको, थेट माडी पाहिजे. माडीवर उडी मारून कोण जातं ठाऊक आहे? मांजर. आणि चोर.

मुख्य कार्यक्रम कोणी कोणाला देत नसतो. पहिली वीस मिनिटं दहा वर्षं गायली, की एक दिवस लोक सातला यायला लागतात. मग ती वेळच मुख्य होते. हे तुला कळत नाही असं नाही. तुझा गळा मला ठाऊक आहे. तारसप्तकात तू जो गंधार लावतोस, तो पाच-सहा जणांकडूनच मी ऐकला आहे. म्हणून तर एवढा घसा खरवडतोय. तुझ्यात काही नसतं, तर चहा पाजून, वहीला ‘छान’ म्हणून वाटेला लावलं असतं. असे किती आले अन् गेले. त्यांच्यावर मी कधी आवाज चढवला नाही. तुझ्यावर चढवतोय, याचा अर्थ तरी लाव.

आता ऐक. विचारत नाही, सांगतोय.

मंडळाच्या पोरांना आता, इथे बसून, माझ्यासमोर फोन लाव. हो म्हण. मेहेरबानी केल्यासारखं म्हणू नकोस. अष्टमीला पाचला मंडपात जा. सातला नाही. खुर्च्या मांड. सतरंजीचं एक टोक धर. म्हणजे पुढ्यात मांडलेली खुर्ची कोणाच्या घामाची आहे, ते गाताना लक्षात राहील. सातला बस. समोर सात माणसं असोत, दोन असोत, कुत्रं असो. आवाज घुमला तर लय कमी कर. तबला उतरला तर थांब, त्याला चढवू दे, तोंड वाकडं करू नकोस. चिठ्ठी आली तर बंदिश नीट समेवर आणून सोड, अर्धवट टाकून उठू नकोस. सात वीसला पेटीचा भाता बंद कर आणि पहिल्या रांगेत जाऊन बस. घरी जायचं नाही. पाहुण्या गायकाचं सगळं ऐकायचं. आपलं आधीचं कोणी ऐकत नाही अशी ज्याची तक्रार आहे, त्यानं दुसऱ्याचं नंतरचं टाळायचं नसतं.

आणि ही वही. दिवाळी अंक या वर्षी नाही. चौदाही प्रकरणांचे आधीचे गायक शोध. संयोजकांना फोन कर, जुन्या पत्रिका काढ, साउंडवाल्याला विचार, त्याला सगळे आठवतात. नाव मिळालं तर माथ्यावर लिही. नाही मिळालं तर जागा कोरी सोड आणि कोरी का आहे तेही लिही. लाज वाटली पाहिजे अशा अक्षरात लिही. पहिलं प्रकरण सगळं फाड. लाडखेडला एसटी जाते अजून. गाव तुला माहीत आहे, शेकोटी कुठे होती तेही माहीत आहे. तिथल्या म्हाताऱ्यांना विचार, तार बांधलेली खंजिरी कोणाची. तो असेल तर त्याच्या पायाशी बस. नसेल तर त्याच्या पोराला नाव विचार. नाव आणल्याशिवाय ही वही माझ्या उंबऱ्याच्या आत आणू नकोस.

काय पुटपुटतोस? ‘तुम्ही याल का, सर?’

अष्टमीला सात वाजता मी तिसऱ्या रांगेत बसलेला असेन. सात म्हणजे सात. गुडघे दुखतात, रिक्षावाला तिथवर येत नाही, रस्त्यात गर्दी असते. ही सगळी कारणं माझ्याकडेही आहेत. तुझ्यापेक्षा चांगली आहेत.

लाव फोन.